एवढं तरी ने!

भिलाईत हलक्या वस्तूला मान नाही. हे गाव जन्मालाच आलं ते टनांच्या हिशेबात. १९५५ साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि तेव्हापासून इथल्या माणसाला किलोभर वजन हे वजन वाटतच नाही. १३० मीटरचा अखंड रूळ लाटायचा, रूळ जोडून २६० मीटरचं पॅनेल करायचं आणि ते रेल्वेच्या वाघिणींवर चढवायचं, विक्रांत या विमानवाहू जहाजासाठी पोलादी प्लेटा पुरवायच्या, असली कामं करणाऱ्या गावात दुकानदार चुकून 'साहब, बहुत हल्का है' म्हणाला, तर गिऱ्हाईक वस्तू उलटीपालटी करतं आणि परत देतं. हलकं म्हणजे पातळ पत्रा. लग्नात भांडं आलं तरी पाहुणे आधी ते हातात तोलून बघतात, मग त्यावरचं नाव वाचतात.

अशा गावात आमच्या भाच्याने हलकी मोटरसायकल घ्यायचं ठरवलं.

राहायला पावर हाउस भागात. इकडे ग्रेट ईस्टर्न रोड, म्हणजे आताचा राष्ट्रीय महामार्ग ५३, आणि त्यावरचा उड्डाणपूल. तिकडे हावडा-मुंबई लोहमार्ग आणि भिलाई पावर हाउस नावाचं स्टेशन. आणि आसपास सर्क्युलर मार्केट, जवाहर मार्केट, फळवाले, कापडवाले, नट-बोल्टवाले आणि या सगळ्यांच्या पायांवरून वाट काढणारे ई-रिक्षावाले. "या चौकातून सायकल हातात धरून नेऊन दाखव, तेच ॲडव्हेंचर," असं त्याचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी, म्हणाले. भाऊजींनी नोकरी काढली ती कारखान्याच्या रेल अँड स्ट्रक्चरल मिलमध्ये. मूळ गाव आमगाव, गोंदिया जिल्हा. विदर्भातून नोकरीसाठी आलेली अशी पुष्कळ मराठी घरं इथे आहेत. निवृत्तीनंतर त्यांचं सेक्टरातलं क्वार्टर सुटतं, भिलाई काही सुटत नाही.

भाच्याने जेवताना विषय काढला. गाडीचा प्रकार म्हणे ड्युअल-स्पोर्ट. नंबर प्लेट लावून डांबरावर रीतसर चालते आणि डांबर संपलं की थांबत नाही. यामाहाने १९६८ साली अमेरिकेत डीटी-१ नावाची अडीचशे सीसीची गाडी आणली आणि तिथून ही जात फोफावली, असा इतिहासही त्याने वरणभातासोबत वाढला.

"डांबर संपल्यावर न थांबणारी गाडी आपल्या दूधवाल्याकडे होती," भाऊजी म्हणाले. "राजदूत. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून यायचा, पावसाळ्यात, शेताच्या धुऱ्यावरून. त्याला कुणी स्पोर्ट म्हटलं नाही."

भाच्याने मोबाइलवर तक्ता केला होता. त्यात किंमत, मायलेज वगैरे रकाने होते. पण ठळक अक्षरांतला रकाना वजनाचा. बीएमडब्ल्यूची आर १२५० जीएस, २४९ किलो. हिच्यावर नुसती फुली. रॉयल एनफिल्डची नवी हिमालयन, १९६. क्लासिक ३५०, १९५. हिरोची एक्सपल्स २००, १६० च्या आसपास. कावासाकीची केएलएक्स २३०, १३९. भाऊजींनी चष्मा लावून तक्ता वाचला, खिशातलं पेन काढलं आणि आयुष्यभराच्या सवयीने किलोमागे भाव काढला. क्लासिकपेक्षा केएलएक्सचा भाव किलोमागे कितीतरी चढा निघाला.

"छप्पन्न किलो माल कमी देतात आणि वर जास्त पैसे घेतात?" त्यांचा आवाज चढला. "आणि तू घेतोस?"

भाच्याने समजावलं. गाडी मुरमाच्या चढावर पडली की उचलायची एकट्याने असते. तिथे क्रेन नसते, चार हेल्पर नसतात. डकार रॅलीतसुद्धा २०११ पासून मोटरसायकलींना ४५० सीसीची मर्यादा आहे, मोठी धुडं तिथे चालत नाहीत. आपल्या हरिथ नोआने २०२४ मध्ये तिथे रॅली-टू गटात पहिला नंबर काढला, तोही ४५०च्याच गाडीवर. आणि लोइस प्राइस नावाची एक इंग्रज बाई तर सव्वादोनशे सीसीच्या यामाहावर अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत एकटी गेली.

"जाईल," आमची ताई पोळी वाढत म्हणाली. "तिला वाटेत कुणा नातेवाइकाकडे काही पोचवायला सांगितलं नसेल."

ताईच्या या वाक्याकडे तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही.

शेजाऱ्यांची समिती बसली. पावर हाउसात गाडी एकट्याने घेण्याची पद्धत नाही. एकाने मायलेज विचारलं. एकाने "इतने में तो बुलेट आ जाती" हे वाक्य टाकलं, जे इथे कुठल्याही गाडीच्या खरेदीत कुणीतरी टाकावंच लागतं, नाहीतर व्यवहार पक्का धरत नाहीत. एकाने गाडी चालू करून सायलेन्सरला कान लावला आणि हताश होऊन म्हणाला, "आवाज ही नहीं है." खेड्यातून भाजी घेऊन येणाऱ्या बाईने शोरूमबाहेर उभी गाडी पाहून "अब्बड़ ऊँच हे" एवढंच म्हटलं, आणि साऱ्या समितीत मुद्द्याचं बोलली ती तीच.

कारण खरा प्रश्न तोच होता. ड्युअल-स्पोर्ट गाडीची उंची तिच्या कामातून येते. दगड, खड्डे, शेताचे धुरे ओलांडायचे तर पोट जमिनीपासून वर हवं. चाकाला वरखाली व्हायला जागा हवी, म्हणजे शॉकअप लांब हवेत. आणि शॉकअप लांब झाले की सीट वर जाते. केएलएक्सची सीट ८८० मिलिमीटर, एक्सपल्सची ८२५. आमचा भाचा साडेपाच फूट, तेही बूट घालून. केएलएक्सवर तो बसला तेव्हा दोन्ही पाय हवेत होते आणि चेहऱ्यावर घोड्यावर बसवलेल्या नवरदेवाचे भाव होते. सेल्समन त्याला शिकवत होता, "सर, दोनों पैर नहीं टिकाने. एक तरफ खिसको, एक पैर पूरा टिकाओ." मुरलेले लोक खरंच असंच करतात, दोन्ही पायांच्या अंगठ्यांवर डुगडुगण्यापेक्षा एका बाजूला सरकून एक पाय सपाट टेकवणं भरवशाचं. पण ही युक्ती उतारावर, पावसात आणि आई बघत असताना सुचावी लागते. भाच्याने एक्सपल्स घेतली. पोटाखाली २२० मिलिमीटर जागा, पुढचं चाक २१ इंची, मागचं १८. पुढचं चाक मोठं अशासाठी की ते खड्ड्यात पडण्याऐवजी त्यावरून जातं. इंजिनाची ताकद बेताची, पण तक्रार नाही.

गाडीला साडी गार्ड होतं. भाचा ते काढायला निघाला तेव्हा शोरूमवाल्याने नियम सांगितला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, नियम १२३: मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला हवा, कपडे अडकू नयेत म्हणून. वाळवंटात जा, हिमालयात जा, भारत सरकारला तुमच्या मागे बसलेल्या बाईच्या पदराची काळजी आहे. सीजी ०७ चा नंबर पडला, साडी गार्डासकट.

आता सेटअप. हा शब्द घरात आला आणि भाऊजींचा विरोध मावळला, कारण सेटअप म्हणजे मोजमाप, आणि मोजमापात त्यांचा हात कोण धरणार?

पहिलं काम सॅगचं. स्वार पूर्ण जामानिम्यासह गाडीवर बसला की शॉकअप किती दबतो ते मोजायचं; एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास दबला तर बरोबर. कमी दबला तर गाडी दगडावर उसळते, जास्त दबला तर खड्ड्यात खाली आपटते. एक्सपल्सच्या मागच्या चाकाची हालचाल १७० मिलिमीटर, म्हणजे साधारण ५५-५७ दबायला हवा. मे महिन्याची दुपार, अंगण तापलेलं, भाचा हेल्मेट, जॅकेट, गुडघ्याच्या ढाली, बूट घालून फूटरेस्टवर उभा. त्याला एका बाजूने मी धरलेलं. भाऊजी जमिनीवर पालथे, हातात स्टीलची टेप, मागच्या आसापासून साडी गार्डावर पेन्सिलीने मारलेल्या खुणेपर्यंत माप घेताहेत. नियम १२३ असा कामी आला.

"बस. हलू नको. श्वास सोड. सोडू नको. परत उभा राहा."

"बाबा, मिलिमीटरचा प्रश्न आहे, मायक्रॉनचा नाही."

"रूळ असाच 'चालतंय की' म्हणून लाटला असता, तर गीतांजली एक्सप्रेस आज शेतात उभी असती."

हुक पान्याने स्प्रिंगचा ताण एकेक घर फिरवत माप जुळलं. तोवर भाच्याच्या जॅकेटात घामाचं तळं. मग हँडल: उभं राहून चालवताना पाठ वाकू नये इतकं पुढे-वर. ब्रेक आणि गिअरचे दांडे बुटाच्या टोकाला सापडतील असे. फूटरेस्टवरचं रबर काढलं, कारण ओला बूट रबरावरून सटकतो. इंजिनाखाली ॲल्युमिनियमची प्लेट, हँडलवर हातांच्या ढाली. गाडी आडवी झाली की सगळ्यात आधी क्लचचा दांडा मोडतो, ढाल तो वाचवते. पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी केला, म्हणजे महामार्गावरचा वेग थोडा गेला पण चिखलात ओढ वाढली. चाकाला तारांची रिम आणि आत ट्यूब, त्यामुळे मुरमावर हवा थोडी कमी ठेवायची. फार कमी केली तर दगडावर ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटते आणि एकाच वेळी दोन भोकं पडतात. सोबत २१ इंची ट्यूब एक. अडचणीत तीच मागच्या १८ च्या चाकातही घडी घालून बसते, आणि खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे २१ ची ट्यूब मिळेल या भरवशावर कुणी निघू नये.

इथे थांबले असते तर हा लेख इथेच संपला असता. एवढ्या सगळ्यात चार-पाच किलोच वाढले होते, आणि प्रत्येक किलोला काम होतं.

पण घर पावर हाउसात. बाजारात गाडी उभी केली की दुकानदार तिच्याभोवती एक फेरी मारतो आणि गाडीला काय काय नाही ते सांगतो. लेग गार्ड नाही? लोखंडी आहे, डबल पाइप, "ट्रक भी ठोक दे तो कुछ नहीं होगा." गाडीचं, म्हणजे. तुमचं काय होईल यावर तो बोलत नाही. मग फॉग लाइट. मग मागचं कॅरिअर, त्यावर टॉप बॉक्स. मग दोन्ही बाजूंना पेट्या. मऊ पिशव्या बऱ्या, पडल्यावर पाय सापडला तर मोडत नाही, असं भाचा म्हणत होता. पण भाऊजींच्या ओळखीच्या वेल्डरने तोवर चौकट आखली होती, तीही कोनाच्या लोखंडाची. ॲल्युमिनियमचं नाव काढल्यावर वेल्डरने भाऊजींकडे असं पाहिलं की भाऊजींनाच शरम वाटली. पोलादाच्या गावात राहून डब्याच्या पत्र्याची चौकट! मग डबल स्टँड, कारण चेनला तेल घालायला बरा. मग मोठा हॉर्न. मग शेजारच्या काकांनी दिलेलं पान्यांचं खोकं, ज्यात ट्रॅक्टरचाही पाना होता, असू दे, कुणाचं तरी ट्रॅक्टर बंद पडलेलं भेटेल. मग पुढच्या चाकावर लिंबू-मिरची. तिचं वजन नगण्य, पण तत्त्व तेच.

आणि शेवटी ताई.

जायचं ठरलं होतं डोंगरगडवरून जंगलातल्या कच्च्या रस्त्यांनी दरेकसा, हाजरा फॉल, पुढे सालेकसा. पावसाळा सरलेला, धान पिकायला आलेलं, ओढ्यांवरच्या बुटक्या रपट्यांवरून अजून थोडं पाणी वाहतंय. भाच्याच्या नकाशात पुढचं काही नव्हतं. पण सालेकसा म्हटल्यावर ताईला पुढचं आमगाव दिसलं. आमगावला काकू, काकूंची सून, सुनेची नवी बाळंतीण बहीण.

"जातोच आहेस तर एवढं तरी ने."

मराठी माणसाच्या प्रवासाचं सगळं ओझं या वाक्यातून भरलं जातं. नको म्हणायला त्यात जागाच ठेवलेली नाही. 'हे ने' म्हटलं तर वाद घालता येतो. 'एवढं तरी' म्हटलं की बाकीचं बरंच काही तुमच्यावर दया करून आधीच वगळलेलं असतं, आणि तुम्ही उरलेल्यालाही नाही म्हणालात तर तुमच्यासारखे कृतघ्न तुम्हीच. एवढं तरी म्हणून डिंकाचे लाडू निघाले, स्टीलच्या डब्यात. एवढं तरी म्हणून ठेठरी-खुरमी निघाली; छत्तीसगडात राहून तेवढं शिकलो नाही असं काकूंना वाटू नये. तिखट पुऱ्या वाटेसाठी, त्याच पुऱ्या पोचल्यावर देण्यासाठी वेगळ्या. आणि शेवटी पाच किलो दुबराज तांदूळ. गोंदिया जिल्ह्यात जायचं, जिथे जिकडे बघावं तिकडे धान आणि राइस मिल, आणि तिथे तांदूळ न्यायचा! भाच्याने हे म्हणून पाहिलं.

"तुले काय मालूम," ताई म्हणाली. "तिथला तांदूळ तिथला, हा इथला. वास घेऊन पाह्य."

निघायच्या आदल्या संध्याकाळी भाऊजींना गाडीचं खरं वजन जाणून घ्यायची हुक्की आली. घरातल्या काट्यावर मोटरसायकल मावेना. ते आम्हाला घेऊन औद्योगिक वसाहतीतल्या धरमकाट्यावर गेले, जिथे ट्रक तोलतात. पुढे लोखंडाच्या सळ्यांचा ट्रेलर, मागे भुशाचा ट्रक, आणि मधे आमची एक्सपल्स, भल्या थोरल्या लोखंडी फळीवर एकटी, साइड स्टँडवर तिरकी. काटेवाल्याने खिडकीतून डोकं काढलं.

"माल क्या है?"

"लड्डू," भाऊजींनी सांगितलं.

त्याने काही विचारलं नाही. धरमकाट्यावर फार विचारायची पद्धत नसते. पावती छापून निघाली: दोनशे दहा किलो. हे काटे दहा-वीस किलोंच्या टप्प्यात बोलतात, त्यामुळे पाच-सात इकडेतिकडे. पण भाचा पावतीकडे बघतच राहिला. 'जड' म्हणून ज्या हिमालयनवर काट मारली होती ती १९६ किलो. आम्ही हलकी गाडी घेतली होती आणि मेहनतीने, वेल्डरला वर चहा पाजून, तिला हिमालयनच्या वर नेऊन ठेवली होती.

"बघ," भाऊजी समाधानाने म्हणाले, "आता किलोमागे भाव बराच खाली आला."

दुसऱ्या दिवशी पहाटे भाचा निघाला, आणि ताईच्या जिवाला चैन पडेना म्हणून तासाभराने आम्हीही कारने निघालो. डकारमध्ये मोठ्या संघांच्या मागे दुरुस्तीचे ट्रक असतात, त्याच धर्तीवर. फरक एवढाच की आमच्या ट्रकात मेकॅनिक नव्हता आणि थर्मास दोन होते. डोंगरगडच्या पुढे डांबर सुटलं, लाल मुरमाचा रस्ता लागला आणि भाचा आम्हाला दिसला. पुढे एक उतार, उताराखाली रपटा, रपट्यावर घोटाभर पाणी आणि पाण्याखाली शेवाळ. तो फूटरेस्टवर उभा, ढब अगदी चित्रफितीतल्यासारखी. पुढचं चाक रपट्यावर गेलं, मागच्या पेट्यांनी गाडीला डावीकडून ढकललं, आणि दोनशे दहा किलो उजव्या अंगावर अतिशय सावकाश आडवे झाले. वेग इतका कमी होता की भाचा पडला नाही, उतरला.

धान कापणाऱ्या बायका थांबल्या. त्यांतली एक म्हणाली, "गाड़ी ह सुत गे का?" गाडी झोपली का? प्रश्नात चेष्टा होती, पण काळजीही होती.

उचलायचं तंत्र भाच्याला तोंडपाठ. आधी इंजिन बंद. गाडी उजवीकडे पडली आहे, तर साइड स्टँड आधीच काढून ठेवायचा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे कोसळते. गिअर टाकायचा, म्हणजे चाक फिरत नाही. हँडल एका टोकापर्यंत वळवायचं. मग गाडीकडे पाठ करून सीटला कंबर लावायची, एक हात हँडलला, एक कॅरिअरला, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागे-मागे चालत यायचं. एकशे साठ किलोंना हे तंत्र लागू पडतं. इथे त्याचे बूट शेवाळावर मागे चालत राहिले, गाडी जागची हलली नाही. लांबून ते मन लावून केलेलं नृत्य वाटत होतं.

शेवटी आम्ही सगळे पाण्यात उतरलो. भाऊजींनी हुकूम दिला, "आधी माल उतरवा." टॉप बॉक्स उघडला. लाडूंचा डबा निघाला, पान्यांचं खोकं निघालं, पुऱ्यांच्या दोन पिशव्या निघाल्या, ट्रॅक्टरचा पाना वेगळा निघाला. पेटीतून दुबराज निघाला, ओला, आणि खरोखर काय वास सुटला! ताई रपट्याच्या कडेला उभी राहून एकेक वस्तू मोजून घेत होती आणि तिचा चेहरा बदलत चालला होता. ताई वर्षातून एकदा डोंगरगडला बमलेश्वरी देवीच्या पायऱ्या चढते. हजाराहून जास्त पायऱ्या. तिच्या खांद्याला एक कापडी झोळी असते, त्यात नारळ, उदबत्ती आणि पाण्याची बाटली. बाकी सगळं ती खाली ठेवते.

"पडली की गाडी कोण उचलणार?" तिने विचारलं.

"मीच," भाचा म्हणाला.

"मग तुले जेवढं उचलता येते तेवढंच नेत जाय. एवढं लोखंड कशाले?"

या विषयावर देशोदेशीच्या जाणत्यांनी जे काही सांगितलं आहे ते सगळं यात आलं. उभ्या गाडीवर वजन किती चढवता येईल हे विचारायचंच नाही. आडवी गाडी किती वजनासकट उभी करता येईल ते विचारायचं. आमचा दूधवाला हे जन्मापासून जाणतो. त्याच्या गाडीवर कॅन दोन्ही बाजूंना सारखे आणि खाली असतात, संध्याकाळी ते रिकामे होतात, आणि जे विकायचं नाही ते तो नेत नाही.

माल कारमध्ये गेला. पेट्या उतरल्या, चौकट तिथेच पान्यांनी सोडवली. भाऊजी पान्यांच्या खोक्याबद्दल दोन शब्द चांगले बोलले, आणि ते रास्तच होते. मग दोघांनी मिळून गाडी उभी केली. भाचा रपटा ओलांडून वर गेला, वळणावर दिसेनासा झाला, आणि हाजरा फॉलपर्यंत आम्हाला तो दिसलाच नाही. कार मागे फिरून डांबराने गेली. आमगावला काकूंनी तांदूळ उन्हात पसरला आणि वास घेऊन म्हणाल्या, "वा! कुठला गं?"

आता भाच्याची गाडी बघण्यासारखी आहे, कारण तिच्यावर बघण्यासारखं काही नाही. इंजिनाखालची प्लेट, हातांच्या ढाली, मागे एक मऊ पिशवी, ती सीटला लागून आणि शक्य तितकी खाली बांधलेली. आत ट्यूब, हातपंप, पंक्चरचं सामान, त्याच गाडीला लागणारे मोजके पाने, क्लचची जादा तार, रेनकोट, एक जोडी कपडे. मागचा शॉकअप परत मोजला, कारण वजन उतरलं की सॅग बदलतो. या वेळी ऊन नव्हतं, भाऊजी मात्र तसेच पालथे. साडी गार्ड आहे. तिखट पुऱ्यांची एक पिशवीही आहे. तेवढी वाटाघाट त्याने मान्य केली. पुढच्या वर्षी केशकाल घाटावरून बस्तर, चित्रकोटचा धबधबा, असं त्याचं चाललंय. लडाखला जायचं तर गाडी दुर्गहून रेल्वेच्या पार्सल डब्यात घालायची, टाकी रिकामी करून, हेही त्याने विचारून ठेवलंय.

उतरवलेल्या मालाचं काय करायचं हा प्रश्न होता. भंगारात घालायला भाऊजींचा जीव होईना. चांगलं कोनाचं लोखंड, स्वतःच्या डोळ्यांदेखत वेल्ड केलेलं. आठवडाभर ते अंगणात होतं. मग एका रविवारी भाऊजी वेल्डरकडे गेले आणि संध्याकाळी स्वतःच्या स्कूटरवरून परत आले. स्कूटरला डबल पाइपचं लेग गार्ड होतं, दोन फॉग लाइट होते, दोन्ही बाजूंना पेट्या होत्या, मागे टॉप बॉक्स, आणि तो मोठा हॉर्न. या स्कूटरवरून ते रोज सकाळी पावर हाउसच्या बाजारात जातात. ई-रिक्षावाले वाट देतात. परवा चौकात सिग्नलला एका पोराने थांबून खालपासून वरपर्यंत सगळा सरंजाम पाहिला आणि आदराने विचारलं, "अंकल, लद्दाख निकल रहे हो क्या?"

"अभी तो धनिया लेने जा रहा हूँ," भाऊजी म्हणाले, आणि हॉर्न वाजवला.